नाव विचारणारे रामटेके भाऊ

परवा सकाळी मतदार यादी तपासायला एक मुलगी आली होती. काखेत कागदांचा गठ्ठा, उन्हासाठी तोंडाला गुंडाळलेली ओढणी. तिनं समोरच्या बंद घराकडं बोट केलं.

"आंटी, देवाजी रामटेके यहीं रहते हैं?"

"रहते थे," मी म्हणाले.

"शिफ्ट हो गए?"

"गुज़र गए. नागपुर में."

"अच्छा," ती म्हणाली. गेटाच्या खांबावर कागद टेकवून तिनं त्या नावावर आडवी रेघ मारली आणि पुढच्या घराची बेल दाबली. तिचं काही चुकलं नाही. तिला अजून सगळी गल्ली करायची होती. पण दिवसभर मला ती रेघ दिसत राहिली. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांची नावं यादीत चढवली, त्याचं नाव एवढ्यात निघालं. म्हणून भाऊंविषयी जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवते आहे. कुणाला दाखवायचं नाही.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, भाऊ पण तिकडचेच, पवनीकडचे. आमचे हे औषधांच्या सरकारी संशोधन संस्थेत अटेंडंट आहेत. इथं लखनौला सुरुवातीला आम्ही सरोजिनी नगरला भाड्यानं राहत होतो, मग इकडं जानकीपुरमला आलो. टेम्पोतून सामान उतरत होतं, तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "जयभीम! ते कपाट तिरपं घ्या हो, नाही तर दारात अडकते." कपाट तिरपं घेतलं. मी मात्र गोदरी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिले. कितीतरी महिन्यांनी घराबाहेरच्या माणसाच्या तोंडून आमच्याकडचं बोलणं ऐकलं होतं.

भाऊ हजरतगंजच्या एका केंद्र सरकारच्या ऑफिसात सेक्शन ऑफिसर होते. मी आले तेव्हा निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. बायको वारलेली, मुलगा नागपूरला. उंच, जरा वाकलेले, मनगटात कायम दोन रबरबँड आणि खिशात शिसपेन्सिल. त्यांच्या ऑफिसात काय काम चालायचं ते मला आजही माहीत नाही, कारण ते कधी बोललेच नाहीत. बोलायचे ते निवडणुकीच्या ड्यूटीबद्दल. बाकीचे बाबू ड्यूटी टाळायला डॉक्टरची चिठ्ठी आणायचे, हे स्वतः जाऊन नाव द्यायचे. होता होता ते ड्यूटीवर जाणाऱ्या बाकीच्यांना शिकवायला लागले. पेटी कशी बांधायची, लाख कशी लावायची, वही कशी भरायची.

ते शिकवणं त्यांच्या अंगात एवढं मुरलं होतं की घरातही तेच. गावाला निघाले की कुलपावर कागदाची पट्टी चिकटवायचे, त्यावर सही करायचे आणि मला हाक मारायचे, "वच्छलाबाई, या. एजंटची सही पाहिजे." मतपेटीच्या सीलवर पक्षांचे एजंट करतात तशी मी सही करायची.

आमचे हे हसायचे. "भाऊ, चोराला तुमच्या पट्टीची काय भीती?"

"भीतीसाठी नाही लावत. चोर आला होता हे तरी कळते ना! आपल्या लोकांचं तर चोरी झाली हेच किती वर्षं कळलं नाही."

मी त्यांच्याकडं भाजी पाठवायची. डबा परत द्यायला आले की झाकण काढून, उलटा करून दाखवायचे. मतदान सुरू व्हायच्या आधी रिकामी पेटी सगळ्यांना अशी दाखवावी लागते म्हणे. कुणी आडून आडून बोलायला लागलं की म्हणायचे, "आधी रिकामा डबा दाखव, मग बोल." आमची आशू लहान असताना काही चोरून खाल्लं की आपणहून तोंड उघडून दाखवायची. "भाऊ बाबा, देखो, डब्बा खाली है!"

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी काचेत लावलेलं एक पिवळं पडलेलं छापील पान. मला वाटायचं सुत्तपाठ असेल. एक दिवस जवळ जाऊन वाचलं, तर नुसती नावं. मतदार यादीचं पान होतं. त्यात एका नावाखाली पेन्सिलीची खूण.

"ही माझी आई," भाऊ म्हणाले. "गावच्या मालगुजाराच्या वहीत ती 'झिंगऱ्याची बायको' होती. शाळेत माझं नाव घालताना 'देवाजीची माय'. मरेपर्यंत तिचं नाव छापून आलं ते फक्त या कागदावर. मास्तरांनी वाचून दाखवलं तर म्हणाली, 'हे कोण?'"

ते हसत सांगत होते, पण ते पान त्यांच्यासाठी काय होतं ते मला पुढं कळलं.

निवृत्तीनंतर ते गल्लोगल्ली फिरून लोकांची, त्यातही बायकांची नावं यादीत घालून द्यायचे. आमच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक बाई राहते, तिला सगळे बबलू की मम्मी म्हणतात. भाऊ फॉर्म घेऊन गेले. मी सोबत होते, कारण बायका परक्या पुरुषापुढं येत नाहीत. तिचा नवरा दारात.

"लिख लीजिए, बबलू की मम्मी."

"बबलू अठारह का हो गया?"

"अरे नहीं, बाबूजी."

"तो फिर बबलू को छोड़िए. इनका नाम?"

नवरा डोकं खाजवायला लागला. घरात कधी वेळच आली नव्हती. मग आतून, पडद्यामागून, ठसक्यात आवाज आला, "राजकुमारी! बीस साल हो गए, पूछा तक नहीं किसी ने." नवरा एवढा खजील झाला की त्यानं आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. जिना उतरताना भाऊ म्हणाले, "बघितलं बाई? नाव असतेच. विचारणारा पाहिजे."

आता अफगाणिस्तानचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय भाऊ कळायचे नाहीत.

अमेरिकेची आणि इतर देशांची फौज तिथं उतरली, जुने बंदूकवाले पळाले, आणि आता इथं निवडणुका घ्यायच्या असं ठरलं. मग त्या कामासाठी शिकवणारी माणसं निरनिराळ्या देशांतून नेली. त्यात भाऊंचं नाव लागलं. हे आम्ही लखनौला येण्याच्या आधीचं. दोनदा जाऊन आले. संध्याकाळी ओट्यावर बसून मला आणि ह्यांना सांगायचे. तिकडचे डोंगर, तिकडची नान रोटी, चहात साखर न घालता साखरेची गोळी दाढेत धरून चहा प्यायची पद्धत. आणि लोखंडी गाडी. मतपेट्या आणि भाऊ, दोघंही त्या जाड काचेच्या लोखंडी गाडीतून फिरायचे, मागंपुढं फौज.

एकदा एका खेड्यात मतदान होतं. शाळेच्या आवारात केंद्र. दारात परदेशी शिपाई, हातात बंदुका. भाऊंनी केंद्र उघडायलाच नकार दिला. आपल्याकडं मतदानाच्या ठिकाणी हत्यार घेऊन उभं राहता येत नाही, लांब राहावं लागतं. भाऊंनी त्यांच्या कप्तानाला सांगितलं, शंभर पावलं मागं व्हा, मगच पेटी उघडतो. तो कप्तान पोरगेला होता. म्हणाला, आम्ही मागं गेलो तर दुपारपर्यंत तुम्ही कुणी जिवंत राहणार नाही. भाऊ म्हणाले, मग मतदान नाही. तासभर वाद चालला. शेवटी शिपाई एका भिंतीपलीकडं गेले. भाऊंनी पेटी उलटी करून दाखवली, सील लावलं, आणि वर बघतात तर रांगेतली निम्मी माणसं निघून चालली होती.

"का?" मी विचारलं.

"शिपाई होते तर भ्यायले म्हणून आत येत नव्हते, शिपाई गेले तर भ्यायले म्हणून थांबत नव्हते. काय करता बाई!" असं म्हणून भाऊ मांडीवर थाप मारायचे. तेव्हा त्यांना ही गमतीची गोष्ट वाटायची. एक म्हातारा पेटीला हात लावून म्हणाला होता, ही पेटी चांगली आहे, पण शिपाई जाताना हिला घेऊन जाणार की ठेवून जाणार? भाऊंनी त्याला छातीला हात लावून सांगितलं होतं, बाबा, पेटी तुमची आहे.

आमच्या ह्यांना ते कधी पटलं नाही. हे म्हणायचे, "भाऊ, परक्यानं आपल्या घरात घुसून चूल पेटवून दिली तर त्या दिवशी भाकर होते. तो गेल्यावर विस्तव कोण राखणार?"

"विस्तव राखायचंच तर शिकवून आलो ना मी."

"घरच्यांनी विचारलं होतं काय शिकवा म्हणून?"

"तुमच्या आईनं तुम्हाला विचारलं होतं काय शाळेत घालू का म्हणून?" भाऊ म्हणायचे, आणि दोघंही हसायचे.

पण भाऊंची सगळ्यात आवडती गोष्ट नसरीनची. उत्तरेकडच्या एका गावात बायकांचं वेगळं केंद्र होतं आणि तिथं काम करायला बायकाच हव्या होत्या. त्यांचा वर्ग भाऊंनी घेतला. नसरीन त्यातलीच. युद्धात नवरा गेलेला, अहमद नावाचा एक मुलगा. लहानपण पेशावरच्या निर्वासितांच्या छावणीत गेल्यामुळं तिला उर्दू यायचं, म्हणून बाकीच्यांना भाऊंचं हिंदी तीच समजावून सांगायची.

पहिल्या दिवशी रजिस्टर उघडलं. नाव, बापाचं नाव, मोहल्ला, सही, फोटो. पहिली बाई म्हणाली, लिहा, करीमची आई. दुसरी म्हणाली, हाजीसाहेबांची मुलगी. भाऊंनी पेन खाली ठेवलं.

नसरीन हळूच म्हणाली, "सर, यहाँ औरत का नाम बाहर लेना बेअदबी है. लिख दीजिए, अहमद की वालिदा, मतलब माँ. क़ब्र पर भी नाम नहीं लिखते."

"तो कहाँ लिखते हैं?"

"कहीं नहीं."

भाऊंनी त्यांना आपल्या देशाची गोष्ट सांगितली. आपल्याकडं पहिली यादी झाली तेव्हा कितीतरी बायांनी असंच सांगितलं होतं, अमक्याची बायको, तमक्याची आई. त्यांची नावं यादीतून निघाली. पुढच्या खेपेला त्यांनी नावं सांगितली आणि मत दिलं. स्वतःच्या आईचंही सांगितलं. मग रजिस्टर नसरीनपुढं सरकवलं. "यहाँ लिखो."

एका बाईनं विचारलं, "ही वही कुणाजवळ राहील?"

"सरकारी दफ़्तर में. ताले में," भाऊ म्हणाले.

नसरीननं पहिलं नाव लिहिलं. नंतर एकेक करत सगळ्या उठल्या. एक तर आपलं नाव लिहून त्याच्याकडं बघतच उभी राहिली, मागच्यांना जागा देईना. शेवटी पानाखाली भाऊंनी सही केली. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल. प्रत्येक वेळी त्या उभ्या राहिलेल्या बाईपाशी आले की भाऊ स्वतःच ओट्यावरून उठून उभे राहायचे.

नसरीन पुढं त्या केंद्राची मुख्य झाली. दर ईदला तिचा फोन यायचा, भाऊंना उस्ताद जी म्हणायची. व्हिडिओवर मीही तिला पाहिलं आहे. गोल चेहरा, पुढचा एक दात तुटका, हसताना हात तोंडावर. मला आपा म्हणायची. एकदा विचारलं, "आपा, लखनऊ में बर्फ़ पड़ती है?" मी नाही म्हणाले तर म्हणाली, "फिर सर्दी में बच्चे क्या करते हैं?" आशू मागून ओरडली, "रज़ाई में घुस के मोबाइल देखते हैं!" तिकडं ती आणि इकडं भाऊ, दोघंही खूप हसले.

मग फौज निघाली. इतकी वर्षं राहिलेली, आणि गेली तेव्हा बघता बघता गेली. जुने बंदूकवाले परत आले. टीव्हीवर विमानतळावरची गर्दी दाखवत होते. भाऊ टीव्हीच्या इतके जवळ बसलेले की मला आधी वाटलं आवाज ऐकू येत नसेल. ते त्या गर्दीत चेहरे शोधत होते.

नसरीनचा फोन चार दिवसांनी आला. ती विमानतळापर्यंत पोचलीच नव्हती. अहमद आधीच इराणात मजुरीला गेलेला. ती बहिणीच्या घरी एका खोलीत लपली होती. तिनं एकच मागितलं. "उस्ताद जी, मुझे बुला लीजिए."

भाऊंनी त्या दिवसापासून दुसरं काही केलं नाही. आशूनं मोबाइलवर व्हिसाचा फॉर्म भरून दिला. त्यात एक रकाना होता, बोलावणाऱ्याचं नातं काय. पती, पिता, भाऊ, आणि शेवटी इतर.

"इतर कर," भाऊ म्हणाले. मग म्हणाले, "पिता नाही करता येणार काय?"

"भाऊ बाबा, सरनेम मैच नहीं करेगा," आशू म्हणाली.

सकाळी रिक्षानं विद्यापीठापर्यंत, तिथून मेट्रोनं हजरतगंज. या ऑफिसातून त्या ऑफिसात. दिल्लीला दोनदा जाऊन आले. आयुष्यभर टेबलाच्या ज्या बाजूला बसले, तिच्या समोर उभे राहायचे. कुणी वाईट वागलं असं त्यांनी कधी सांगितलं नाही. "तो तरी काय करेल, त्याच्या हातात थोडंच आहे," एवढंच. रोज दुपारी आशू मोबाइलवर बघायची. रोज तेच. अंडर प्रोसेस.

तरी आम्ही खोली तयार केली. भाऊंच्या मागच्या खोलीतल्या फायली बाहेर काढल्या. मी नवी रजई भरून आणली. भाऊ चौकातून जानमाज, नमाजाला बसायची सतरंजी, घेऊन आले. मग त्यांना प्रश्न पडला, नमाजाची दिशा कोणती. कोपऱ्यावरच्या शिंप्याला, सलीम मियाँना बोलावून आणलं. मियाँ खोलीच्या मध्ये उभे राहिले, खिडकीतून सूर्य बघितला आणि हातानं दाखवलं. भाऊंनी त्या भिंतीवर पेन्सिलीनं बारीक बाण काढला. मियाँ म्हणाले, "बाबूजी, मेहमान कब आ रही हैं?" भाऊ म्हणाले, "बस, काग़ज़ आ जाए."

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. दुपारी मी भाऊंच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. फोन वाजला. भाऊंना कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकर लावायचे. नसरीन अगदी हळू बोलत होती.

"उस्ताद जी, कल वो लोग बराबर वाले घर में आए थे. घर ग़लत हो गया था उनसे. हाथ में काग़ज़ था. मेरा नाम पढ़ा, वालिद का नाम पढ़ा, मोहल्ला पढ़ा."

"कौन सा काग़ज़?"

"वही रजिस्टर. उसकी नक़ल. नीचे आपके दस्तख़त हैं."

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी काय करणार? माझ्या हातात मेथीची जुडी तशीच.

तिकडून नसरीन हसली. खरंच हसली, तिनं तोंडावर हात ठेवलेला जणू मला दिसला. "अहमद की वालिदा लिखा होता तो ढूँढते फिरते. यहाँ तो हर गली में एक अहमद है."

"नसरीन, बेटा, मुझे..." भाऊ बोलायला लागले.

"नहीं, उस्ताद जी. नाम लिखना ग़लत नहीं था. बस, किताब उनके पास है." मग तिनं विचारलं, "वीज़ा का कुछ हुआ?"

"अंडर प्रोसेस है."

"अच्छा. आपा को सलाम कहिएगा."

मी तिथंच होते, पण मला सलाम म्हणता आलं नाही. फोन बंद झाला होता. त्यानंतर तो कधी लागला नाही.

पंधराएक दिवसांनी इराणातून अहमदचा फोन आला. त्याला वाटत होतं भाऊंना काही कळलं असेल. भाऊंना वाटत होतं त्याला. मुलगा म्हणाला, मावशी माहेरी गेली होती, परत आली तर घर उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. शेजारचे काही सांगत नाहीत. भाऊ त्याला म्हणाले, मी चौकशी करतो. कुठं करणार होते? पण म्हणाले.

त्यानंतर भाऊ बोलायचे कमी झाले. जेवायचे, डबा धुऊन पाठवायचे. एकदा हे त्यांना धीर द्यायला गेले. म्हणाले, "भाऊ, तुमची काय चूक? फौज त्यांना सोडून पळाली."

भाऊंनी भिंतीवरच्या पानाकडं बघितलं. मग म्हणाले, "आपली यादी आपण केली होती. गोरा साहेब गेल्यावर केली. आईचं नाव त्या यादीत आलं, कारण वही आपल्याजवळ होती. मी हेच विसरलो. मला वाटलं नाव लिहिलं की झालं. तिथं मी साहेबाच्या गाडीतून उतरलो होतो. माझ्या मनात मी पवनीचाच होतो हो. त्या बायांना मी गाडीतलाच दिसत असणार. आणि तरी त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून नाव लिहिलं."

ह्यांनी चुलीची गोष्ट परत काढली नाही. घरी येऊन म्हणाले, "मी उगाच जिंकलो."

भिंतीवरचं आईचं पान भाऊंनी काढलं नाही. पण त्या वर्षी नव्या नावांचे फॉर्म वाटायला ते गेले नाहीत. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, बाबूजी की तबीयत ठीक नहीं है क्या? मी म्हणायची, हाँ, ठंड लग गई है.

फेब्रुवारीत इथल्या निवडणुका आल्या. मतदानानंतर थोड्याच दिवसांनी मुलगा येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेला, आणि पुढच्या हिवाळ्यात ते तिथंच वारले. चारबाग स्टेशनला त्यांना गाडीत बसवायला आम्ही गेलो होतो, पण तिथली गडबड आता नीट आठवत नाही. मला भाऊ आठवतात ते मतदानाच्या सकाळचे.

ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण मी आणि हे निघालो तर भाऊ इस्त्रीचा शर्ट, स्वेटर घालून गेटाशी उभे. शाळेतल्या केंद्रापर्यंत तिघं चालत गेलो. धुकं होतं. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. म्हाताऱ्यांना आधी सोडत होते, म्हणून भाऊ लवकर खोलीत गेले. माझा नंबर त्यांच्या मागोमागच लागला आणि मी दारात उभी राहिले.

आत पहिल्या टेबलावर एक तरुण मुलगा बसला होता. भाऊंच्या आधी एक नवी नवरी होती, हातात लाल चुडा. मुलानं चिठ्ठी बघितली आणि मोठ्यानं तिचं नाव पुकारलं, नवऱ्याचं नाव पुकारलं. बाकांवर बसलेले पक्षांचे लोक आपापल्या यादीत खूण करायला लागले.

भाऊ एकदम पुढं वाकले. "आहिस्ता, बेटा. आहिस्ता बोलो."

मुलगा हसला. "अंकल, ज़ोर से बोलना पड़ता है. रूल है. सबको सुनाई देना चाहिए."

"मालूम है," भाऊ म्हणाले.

मालूम कसं नसणार. हे त्यांनीच इतकी वर्षं लोकांना शिकवलं होतं. ते सरळ उभे राहिले. त्यांचं नाव पुकारलं गेलं. बोटाला शाई लागली. सही करताना त्यांनी रजिस्टराचं पान हातानं जरा झाकून घेतलं, दुसऱ्या टेबलावरची बाई बघत राहिली. मग ते पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले. तिथं बराच वेळ लागला. मशीनचा लांब आवाज आला आणि भाऊ बाहेर निघाले, पलीकडच्या दाराकडं.

तेवढ्यात मुलानं माझी चिठ्ठी घेतली आणि माझं नाव पुकारलं. नाव, आडनाव, सगळं. खोलीभर ऐकू गेलं.

दारापर्यंत पोचलेले भाऊ थांबले. मागं वळले. मागून येणाऱ्यांना वाट अडली, शिपाई त्यांना "चलिए, चलिए" म्हणत होता, तरी ते दाराची चौकट धरून उभे होते. माझ्या बोटाला शाई लागून मी सही करेपर्यंत ते माझ्याकडं बघत राहिले. मी तिथं आहे की नाही, एवढंच ते बघत होते.